कोरफडीचे गुणगान आणि त्याची तपासणी

आपल्या समाजाची मासिके, पर्युषणाच्या सुमारास निघणारे विशेषांक, महिला मंडळांच्या स्मरणिका आणि दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्या यांत एक सदर हमखास असते: घरगुती उपायांचे. कथा-कवितांवर कोणीतरी दोन ओळी लिहिते, प्रवचनांच्या पुस्तकांचेही परीक्षण होते. या सदरावर मात्र आजवर कोणी टीका केलेली मला आठवत नाही. बायकांसाठी, बायकांनी लिहिलेले, म्हणून ते जसे छापतात तसे आपण वाचतो. आणि खरे सांगायचे तर बाकीच्या अंकापेक्षा तेच जास्त वाचले जाते. कात्रण करून फडताळाच्या दारावर चिकटवले जाते, आता फोनवरून पुढे पाठवले जाते. जे एवढे वाचले जाते आणि जे वाचून आपण अंगाला काहीतरी लावतो, त्याची तपासणी कथेपेक्षा कडक व्हायला हवी. म्हणून या लेखात मी एकच विषय घेतला आहे: कोरफड आणि त्वचा. असे लेख मी बेळगावात बसून गेली कित्येक वर्षे वाचते आहे. त्यांत चांगले काय आणि खोटे काय, ते मांडते.

कोरफड आपल्याला नवी नाही. इकडे कन्नड बाया तिला लोळेसर म्हणतात, नावातच बुळबुळीतपणा आहे. बडोद्याच्या नातेवाइकांत ती कुंवारपाठुं होते, इंदूर-ग्वाल्हेरकडे ग्वारपाठा. संस्कृतात कुमारी आणि घृतकुमारी. उंबऱ्यावर दृष्ट लागू नये म्हणून मुळासकट उलटी टांगलेली कोरफड आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. माती नाही, पाणी नाही, तरी महिनोन् महिने जगते. 'हजारो वर्षांपासून आपली' असे हे लेख लिहितात. वनस्पतीच्या जाणकारांच्या मते मात्र तिचे मूळ घर अरबस्तानच्या कोरड्या डोंगरांत आहे. ती इकडे आली, रुजली आणि आपली झाली. भावप्रकाशात कुमारी थंड गुणाची म्हणून येते, भाजण्यावर आणि फोडांवर उपयोगी म्हणूनही येते. पण तिथेच तिला भेदनी, म्हणजे पोट साफ करणारी, असेही म्हटले आहे. आपले लेख पहिला अर्धा भाग घेतात, दुसरा सोडून देतात. तो दुसरा भाग का महत्त्वाचा, ते पुढे येईलच.

आधी या लेखांचे श्रेय त्यांना देते. कोरफडीचा गर लावला की गार वाटते, ही गोष्ट खरी आहे. गरात सुमारे ९९ टक्के पाणी असते, उरलेल्यात साखरेच्या लांब साखळ्यांची द्रव्ये असतात. त्यांतल्या मुख्य द्रव्याला असेमॅनन म्हणतात. पाणी उडून जाताना त्वचेची आग कमी होते आणि या द्रव्यांचा पातळ थर त्वचेवर बसून ओलावा थोडा वेळ धरून ठेवतो. उन्हाने तापलेला चेहरा, थंडीत फुटलेले हातपाय, भाकरीच्या तव्याचा हलका चटका, एवढ्यासाठी गर चांगला. भाजण्यावर तर थोडाफार अभ्यासाचा आधारही आहे. २००७ मध्ये चार चाचण्या एकत्र करून, ३७१ रुग्णांची माहिती घेऊन एक आढावा प्रसिद्ध झाला. पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या भाजण्यात कोरफडीने बरे व्हायला सरासरी सुमारे ९ दिवस कमी लागले असे त्यात दिसले. पण त्या चाचण्यांत वापरलेली कोरफडीची औषधे एकमेकींपासून वेगळी होती, म्हणून लिहिणाऱ्यांनी स्वतःच सावधपणे निष्कर्ष काढला. आपल्या लेखांत ती सावधगिरी कुठेच येत नाही. आणि भाजल्यावर आधी वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरायचा, मग बाकीचे, हे कोरफडीच्या लेखात मी क्वचितच वाचले आहे. अंगणात जाऊन पान कापून आणेपर्यंत ती वीस मिनिटे निघून जातात.

आता दोष. पहिला दोष असा की, हे लेख पानाचे दोन भाग वेगळे करत नाहीत. कोरफडीचे पान कापले की सालीच्या लगत खालून पिवळा, कडू चीक येतो. आतला पारदर्शक गर वेगळा आणि हा चीक वेगळा. याच चिकाला आटवून, सुकवून काळाबोळ तयार होतो, तो आपल्या आज्यांना नीट माहीत होता. भावप्रकाशातला तो भेदनी गुण याच चिकाचा. चिकातले अलोइन नावाचे द्रव्य जुलाब घडवते, आणि नाजूक त्वचेवर खाज, लाली, कधी पुरळही आणते. 'मला कोरफड सोसत नाही' असे म्हणणाऱ्या कित्येकींना गर नव्हे, हा चीक सोसत नसावा. जुन्या बाया पान कापून तासभर उभे करून ठेवत, चीक गळू देत, मग धुऊन साल काढत. ही रीत आजीकडून आईकडे आली आणि लेखात येताना गळाली. लेखात एकच वाक्य उरते: 'ताजे पान कापून चेहऱ्यावर चोळावे.' चार शब्द जास्त लिहिले असते तर किती गाल वाचले असते!

दुसरा दोष उचलेगिरीचा. हे मी रागाने म्हणत नाही, पुराव्याने म्हणते. आपल्याच समाजाच्या अंकात, मुखपृष्ठावर तीर्थंकरांचे चित्र, आणि आत उपाय काय? 'दोन चमचे कोरफडीचा गर, एक चमचा मध.' मध! मद्य, मांस, मधु यांचा त्याग श्रावकाच्या मूळ गुणांत धरला आहे, हे पाठशाळेतली सात वर्षांची मुलगी सांगेल. लावायचा आहे, खायचा नाही, असे कोणी म्हणेल. पण ते म्हणण्याचीही गरज लेखिकेला वाटली नाही, कारण तिने ते लिहिलेच नव्हते, कुठूनतरी उतरवले होते. पुढच्या ओळीत असते: 'सकाळी उपाशीपोटी दोन चमचे रस घेतल्यास त्वचा आतून उजळते.' गर्भारपणात कोरफडीचा चीक पोटात जाऊ नये, एवढी इशाऱ्याची ओळसुद्धा नसते. अमेरिकेच्या औषध खात्याने २००२ मध्ये या चिकाची जुलाबाची औषधे दुकानातल्या सरसकट विक्रीतून काढायला लावली, कारण ती निर्धोक असल्याची माहिती कंपन्यांनी दिली नाही. तिकडे सरकार सावध होते आणि इकडे आपण उपाशीपोटी दोन चमचे घेतो.

तिसरा दोष सर्वांत मोठा. एकच पान मुरुम घालवते, सुरकुत्या घालवते, डाग घालवते, केस वाढवते आणि शेवटी ठरलेले वाक्य, रंग उजळवते. गार वाटणे आणि गोरे होणे या दोन गोष्टी एका ओळीत बसवल्या की पहिल्या खऱ्या गोष्टीचे वजन दुसरीलाही मिळते. कोरफडीतले अलोसिन नावाचे द्रव्य वेगळे काढून प्रयोगशाळेत तपासले तेव्हा ते त्वचेचा रंग बनवणाऱ्या प्रक्रियेला अडवते असे दिसले, हे खरे. पण वेगळे काढून शुद्ध केलेले द्रव्य आणि परसातल्या पानाचा गर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गराने कोणाचा जन्माचा रंग बदलत नाही. आपल्यात सावळ्या मुलीच्या आईला हे लेख काय करतात, ते मी पाहिले आहे. स्थळे यायच्या वयात पोर रोज सकाळी तोंडाला हिरवा गर फासून बसते. रंग आहे तसाच राहतो आणि मुलीच्या मनात एवढेच बसते की आपण अजून पुरेसे फासले नाही.

याहून वाईट म्हणजे, गोरेपणाच्या नादात औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली स्टेरॉइडची मलमे. ती महिनोन् महिने चेहऱ्याला लावली की कातडी पातळ होते, लाल होते, उन्हात आग होते, पुरळ उठते, आणि मलम थांबवले की आग आणखी भडकते. त्या आगीवर मग कोरफड. गार वाटते, बरे वाटते आणि डॉक्टरकडे जाणे लांबते. आमच्या मंडळात एकीचा चेहरा असा भाजल्यासारखा झालेला पाहून दुसरी तिला म्हणाली, "लाव की गं कोरफड, काय होतंय? पानच आहे." पानच आहे, हे बरोबर. पण त्या पानाने दुखणे झाकले गेले. शामक वस्तूचा हा धोका कोणताच लेख सांगत नाही. आग ही त्वचेची तक्रार असते. ती शांत करण्याआधी ती कशाची तक्रार आहे, हे विचारायला हवे.

चौथा दोष जखमांविषयीचा, आणि इथे मी वाचकांनी जरा थांबावे असे म्हणेन. 'कोणतीही जखम लवकर भरते' असे हे लेख बिनधास्त लिहितात. १९९१ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सिझेरियन किंवा पोटाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांची जखम उकलली होती, अशा २१ बायका त्यात होत्या. नेहमीच्या पद्धतीने मलमपट्टी केलेल्यांची जखम भरायला सरासरी ५३ दिवस लागले. कोरफडीचे जेल लावलेल्यांना ८३. महिनाभर जास्त! अभ्यास लहान आहे, हे मान्य. पण बाळंतिणीच्या जखमेवर कोरफड लावा असे लिहिणाऱ्याजवळ तेवढाही आधार नाही. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने जखमांवरच्या सात चाचण्या तपासल्या आणि ठाम काही सांगण्याइतका पुरावा नाही असा निर्वाळा दिला. घरचा गर निर्जंतुकही नसतो. पान, सुरी, हात, वाटी, या सगळ्यांवरचे जंतू उघड्या जखमेत जातात.

स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेताना त्वचा भाजल्यासारखी होते, सोलते. 'कोरफड लावते आहे' असे त्या अवस्थेतल्या किती जणी सांगतात! या समजुतीचाही इतिहास आहे. १९३५ मध्ये क्ष-किरणांनी भाजलेल्या त्वचेवर ताज्या कोरफडीचा उपयोग झाल्याची नोंद एका अमेरिकी वैद्यकीय मासिकात आली आणि तिथून आधुनिक कोरफडीचा बोलबाला वाढला. नंतर नीट चाचण्या झाल्या. १९९६ च्या एका चाचणीत १९४ बायकांपैकी निम्म्या जणींना कोरफडीचे जेल आणि निम्म्या जणींना तसेच दिसणारे साधे जेल दिले. कोणाला काय दिले हे त्यांना किंवा डॉक्टरांना ठाऊक नव्हते. शेवटी त्वचेच्या त्रासात फरक दिसला नाही. २००२ च्या ऑस्ट्रेलियातल्या २२५ रुग्णांच्या चाचणीत तर साधी पाण्याची क्रीम कोरफडीपेक्षा सरस ठरली: सोलणे कमी, दुखणे कमी. या बायकांनी, स्वतःच्या आजारपणात, आपल्यासाठी हे शोधून ठेवले आहे. आपले सदर त्यांचे ऋण मानत नाही, कारण सदराला त्यांची माहितीच नाही.

आता बाटलीकडे वळते, कारण आजच्या घरांत परस राहिले नाही, कोरफड बाटलीतून येते. हिरवा रंग, पानाचे चित्र, '९९ टक्के कोरफड'. ही बाटली म्हणजेही एक मजकूर आहे आणि त्याचीही समीक्षा झाली पाहिजे. हा हिरवेपणा गराचा नव्हे. गर पाण्यासारखा असतो, रंग बाहेरून घातलेला असतो. कोरफडीची वाळवलेली पूड बाजारात २००-पट म्हणून मिळते. एक भाग पूड आणि १९९ भाग पाणी मिळून 'कोरफडीचा रस' तयार होतो. म्हणजे ९९ टक्के कोरफड म्हणताना बहुतेक पाणीच मोजलेले असू शकते. फसवणूक म्हणता येणार नाही, कारण पानातही पाणीच जास्त. पण भाव मात्र पानाचा लावतात. २०१६ मध्ये ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेने अमेरिकेतल्या चार मोठ्या दुकानसाखळ्यांची स्वतःच्या नावाची कोरफड-जेल्स प्रयोगशाळेत तपासून घेतली. लेबलावर कोरफड पहिल्या स्थानी किंवा पाण्याच्या खालोखाल होती. तिघांत तिची एकही ओळखखूण सापडली नाही, चौथ्यात एक सापडली. पुरवठादारांनी तपासणीची पद्धतच मान्य केली नाही, तेही नोंदवायला हवे. आपल्याकडच्या नियमानुसार सौंदर्यप्रसाधनांत एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्याखालचे कोणत्याही क्रमाने चालतात. म्हणून यादी वाचावी आणि कोरफड कितव्या स्थानावर आहे ते पाहावे. ती सुगंध आणि टिकाऊ द्रव्यांच्या शेजारी, तळाशी असेल तर ती चित्रापुरतीच आहे. लहान ट्यूबवर तर ही यादी नसली तरी चालते.

इथवर मी बाईच्या बाजूने बोलले. आता पानाच्या बाजूने बोलते.

श्वेतांबर परंपरेत ३२ अनंतकायांची यादी आहे. गुळवेल, शतावरी यांच्याबरोबर त्यात कुमारीही आहे, म्हणजे आपली कोरफड. एका देहात अनंत जीव. आम्हा दिगंबरांत साधारण वनस्पतीची जी लक्षणे सांगतात, त्यात तोडली तरी पुन्हा वाढते हे एक आहे, आणि उंबऱ्यावर उलटी टांगूनही जगणारी कोरफड त्याला काय सोडून असणार? म्हणून तिची भाजी-लोणचे आपल्या पुष्कळ घरांत होत नाही. तरी तीच कोरफड चेहऱ्याला मात्र रोज लागते, आणि लेखाच्या डोक्यावर 'निसर्गाचे वरदान, अहिंसक सौंदर्य' असे छापलेले असते. हिरवे ते अहिंसक, असे आपल्यात तरी कोणी म्हणू नये. पान कापणे ही हिंसाच आहे, हे जगात सर्वांत आधी ज्यांनी बारकाईने सांगितले, त्यांच्या आपण लेकी. भारतात २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला बंदी आहे, ही चांगली गोष्ट; पण क्रीममधले मेण मधमाशीचे आहे का, लोकरीची चरबी आहे का, ओठांच्या लाल रंगात किडे आहेत का, हे बाटलीवरच्या पानाच्या चित्राने कळत नाही.

म्हणून कोरफड लावूच नये, असे माझे म्हणणे नाही. गृहस्थाला संसार आहे, चूल आहे, पाणी आहे, सगळ्यात आरंभ आहे. शास्त्राने गृहस्थाला अशक्य सांगितलेले नाही. पण अनर्थदंड टाळायला सांगितले आहे: प्रयोजनाशिवाय खणणे, प्रयोजनाशिवाय पाणी सांडणे, प्रयोजनाशिवाय झाडपाला तोडणे. माझ्या मते या सगळ्या सदराची खरी कसोटी इथेच आहे. चटका बसलेल्या हाताला गर लावला, आग निवली, ते प्रयोजन झाले. जन्माचा सावळा रंग घालवण्यासाठी रोज एक पान कापले आणि तो रंग त्या पानाने जाणारच नव्हता, तर ते पान कशासाठी तुटले? किरणांच्या दाहावर, पोटाच्या जखमेवर जे चालत नाही असे दिसून आले, तिथे ते लावणे बाईच्या देहाला उपयोगाचे नाही आणि पानालाही न्याय देणारे नाही. उपाय लागू पडतो की नाही हा प्रश्न आपण डॉक्टरांवर आणि कंपन्यांवर सोडून दिला आहे. तो आपल्या व्रताचा प्रश्न आहे. तपासून पाहिल्याशिवाय प्रयोजन ठरत नाही, आणि प्रयोजन ठरल्याशिवाय अनर्थ टळत नाही.

तेव्हा संपादक भगिनींना एक विनंती. सदर बंद करू नका, ते आम्हाला हवे आहे. पण कोरफडीवर पुढचा लेख छापाल तेव्हा त्यात एवढे असू द्या: चीक कसा गाळायचा, आधी कोपराच्या आत थोडे लावून दिवसभर वाट पाहायची, कशावर चालते, कशावर चालत नाही आणि कोणत्या दुखण्यात पान बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. मध काढून टाका. 'रंग उजळतो' हे वाक्यही काढून टाका. मग लेख अर्ध्या पानाचाच होईल. उरलेल्या अर्ध्या पानात एखाद्या मुलीची कविता छापा, तिचा रंग न विचारता.